गुरुवारचं खोबरं

चष्मेवाल्यांना उभ्या जन्मात स्वयंपाकघरातल्या दोनच गोष्टी जमत: चहा करणं, आणि तो उतू गेला की ओटा पुसणं. त्यामुळे त्यांची बायको टपालबाई माळ्यावरची पिशवी काढताना स्टुलावरून पडल्या आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा ओळखीपाळखीच्या सगळ्यांना एकच काळजी लागली. आता सहा आठवडे ही दोघं जेवणार काय?

चष्मेवाल्यांचं चष्म्यांचं दुकान चाळीस वर्षं त्याच रस्त्यावर होतं. आता ते हाताखाली तयार झालेल्या कारागिराकडे सोपवलेलं, तरी संध्याकाळी दोन तास लुडबूड करायला ते जातच. टपालबाईंची एकतीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीमागे गेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी आवाज खिडकीतलाच राहिला होता. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून त्या हुकूम सोडत. एक काम संपलं की म्हणत, "पुढचं!"

"मीठ किती?" चष्मेवाले विचारत.

"चिमूटभर."

"चिमूटभर म्हणजे किती?"

"चिमटीत मावेल तेवढं."

"कोणाच्या चिमटीत?"

टपालबाई डोळे मिटून घेत. भिंगाचा पाव नंबर इकडचा तिकडे होऊ न देणारा माणूस. त्याला अंदाज हा शब्दच ठाऊक नव्हता. पहिल्या आठवड्यात भात लापशीसारखा झाला, दुसऱ्या आठवड्यात भातासारखा झाला, आणि तिसऱ्या आठवड्यात फरसबीची भाजी चक्क खाण्याजोगी झाली.

"बरी झालीय," टपालबाई म्हणाल्या आणि अर्धी टाकून उठल्या. पडल्यापासून त्यांचं जेवण तुटलं होतं. दुखण्याच्या गोळ्यांनी तोंडाची चव गेली होती, पोटही रोज साफ होत नव्हतं. गालफडं बसली होती. चष्मेवाल्यांना ते दिसत होतं, पण काय करावं ते सुचत नव्हतं.

त्या घरचा स्वयंपाक तसाही बेताचाच असे. नऊ वर्षांपूर्वी चष्मेवाल्यांच्या छातीत कळ आली होती, रक्तवाहिनीत जाळी बसवावी लागली होती. तेव्हा डॉक्टरांनी पथ्याची यादी दिली. ती टपालबाईंनी डब्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. कागद आता पिवळा पडला होता, पण अक्षर स्पष्ट होतं. यादी दोनपासून सुरू होत होती. दोन, तळलेलं बंद. तीन, लोणी, साय बंद. चार, खोबरं बंद. अशी नऊपर्यंत. वरची कड अगदी सरळ कापलेली होती. एक नंबर कुठे गेला, असं टपालबाईंनी तेव्हाच विचारलं होतं. "रोज चालायला जा, असं होतं," चष्मेवाले म्हणाले होते. "ते माझ्या लक्षात आहे." आणि खरोखरच ते तेव्हापासून रोज पाऊण तास चालत. विषय तिथेच मिटला.

चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी चष्मेवाले पिशवी घेऊन बाजारात गेले. आतापर्यंत ते कोपऱ्यावरच्या दुकानातून मिळेल ते आणत. पण त्या दिवशी कोथिंबीर ताजी हवी होती, म्हणून मंडईत शिरले. भाज्यांच्या ओळीच्या टोकाला एक नारळवाली बसायची. पुढ्यात सोललेल्या नारळांची रास, बाजूला कोयता, मागे रिकामी खोकी. तिनं त्यांना लांबूनच हाक मारली.

"अहो चष्मेवाले काका! टपालबाई कुठं आहेत? तीन गुरुवार झाले, पत्ता नाही!"

"हात मोडलाय तिचा," चष्मेवाले म्हणाले. "पण तुम्ही कशा ओळखता तिला? आमच्या घरी नारळ येत नाही."

"घरी नाही येत. पण त्या येतात ना माझ्याकडे." नारळवालीनं मागच्या एका उपड्या खोक्यावर थाप मारली. "ही त्यांची खुर्ची. दर गुरुवारी, अकराच्या सुमाराला. मी नारळ फोडते, दोन तुकडे त्यांना देते. बसून सावकाश चावून खातात. मग पाणी पितात, तोंड पुसतात आणि जातात. झाली की हो सात-आठ वर्षं."

चष्मेवाल्यांनी वाकून ते खोकं पाहिलं.

"मी म्हणते, बाई, अख्खा नारळ घरी न्या ना. तर म्हणतात, नको गं, घरात पथ्य आहे. यांच्यासमोर खायचं आणि यांना द्यायचं नाही, ते मला जमायचं नाही." बोलता बोलता तिनं एक नारळ तळहातावर घेतला, कोयत्याची पाठ तीन-चार वेळा फिरवून मारली आणि त्याची दोन शकलं केली. पातळ सुरीनं दोन तुकडे काढून कागदात गुंडाळले. "हे त्यांना द्या. म्हणावं लवकर बऱ्या व्हा."

चष्मेवाले कोथिंबीर विसरून निघाले. रस्ताभर त्यांच्या डोक्यात एकच होतं. अडतीस वर्षांचा संसार आणि बायको बाजारात खोक्यावर बसून खोबरं खाते हे नारळवालीला ठाऊक, आपल्याला नाही! आधी त्यांना राग आला. मग बसस्टॉपच्या बाकावर ते थोडे टेकले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ते खोकं आलं. गर्दीकडे पाठ करून, पदराआड हात धरून, घाईनं नव्हे पण चोरून खाणारी बायको आली. तेव्हा रागाचं पाणी झालं. कारण लग्नानंतरची पहिली एकोणतीस वर्षं त्यांच्या घरात खोबऱ्याशिवाय पान हलत नसे. टपालबाई भाजी उतरवली की वर मूठभर खवलेलं खोबरं भुरभुरवत. हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू घालून पाट्यावर त्याची चटणी वाटत. रस्सा तिखट झाला तर खोबऱ्याचं दूध घालून त्याला शांत करत. कधी खोबरं मंद आचेवर तांबूस भाजून बरणीत भरत, तर घरभर वास दरवळे. ते सगळं एका दिवसात बंद झालं होतं. आणि "तुला चुकल्यासारखं होतं का गं?" एवढंही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

घरी न जाता ते तसेच सरकारी दवाखान्यात गेले. तिथे त्यांच्या बहिणीची मुलगी आहारतज्ज्ञ होती. भाचीच्या खोलीत दोन खुर्च्या, वजनकाटा आणि प्लास्टिकच्या फळांची टोपली होती.

"मामा? छातीत दुखतंय का?" भाची ताडकन उठली.

"नाही गं. मला नारळाबद्दल विचारायचंय."

भाचीनं सगळं ऐकून घेतलं. खोक्याची गोष्ट ऐकताना तिनं ओठ दाबून धरले, पण शेवटी तिला हसू फुटलंच. मग तिनं चष्मा वर सरकवला. तो मामानंच बनवून दिलेला होता.

"हे बघा मामा, खोबरं विषही नाही आणि अमृतही नाही. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. म्हणजे साध्या नारळाचा पाव-एक भाग खाल्ला, की दोन-तीन पोळ्यांचा ऐवज पोटात गेला. तेहेतीस ग्रॅम चरबी, आणि तीही बहुतेक थिजणाऱ्या जातीची, रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवणारी. म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला बंद सांगितलं, ते बरोबरच होतं."

"आणि चांगलं काही नाहीच का त्यात?"

"आहे की! नऊ ग्रॅम तंतू आहेत. पोट साफ राहायला फार चांगले. मँगेनीज आहे, तांबं आहे, थोडं लोह आहे. साखर कमी. पण एक लक्षात ठेवा. दूध काढलं की चरबी दुधात उतरते आणि तंतू चोथ्यात राहतात. म्हणून तुमच्यासारख्यानं दुधाच्या वाट्या रिचवायच्या नाहीत, खोबरं चावून खायचं. नारळपाणी वेगळंच, त्यात चरबी जवळजवळ नसतेच."

"म्हणजे मी खाल्लं तर चालेल?"

"तुमचे मागच्या महिन्याचे रिपोर्ट मीच पाहिलेत. चांगले आहेत. भाजीवर दोन चमचे खवलेलं, आठवड्यातून दोन-तीनदा, खुशाल खा. फक्त त्या दिवशी लोणी-चीज नको. आणि डॉक्टरांच्या कानावर घाला." मग तिनं खुर्ची पुढे ओढली. "पण मामीचं काय? परवा भेटले तेव्हा किती सुकलेली वाटली. तिला तर द्याच. हाड काही त्यानं जुळायचं नाही, पण चार घास जास्त जातील. आणि मामा, नऊ वर्षांत पुन्हा एकदाही विचारलं नाहीत का हो कोणाला?"

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. विचारलं नव्हतं खरं. त्याला कारण होतं, पण ते भाचीला सांगण्यासारखं नव्हतं.

परतताना त्यांनी नारळवालीकडून अख्खा नारळ घेतला.

टपालबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. चष्मेवाल्यांनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि नारळ ओट्यावर ठेवला. त्याचे तीन डोळे त्यांच्याकडे रोखून बघत होते. आयुष्यभर लोकांच्या दोन दोन डोळ्यांशी गाठ, हा तीनवाला पहिलाच. त्यांनी पेन्सिलनं त्याच्या बरोबर मधोमध गोल रेघ काढली, खाली पातेलं ठेवलं आणि जाड सुरीच्या पाठीनं रेघेवर टक टक सुरू केली. नारळवालीच्या चार टोल्यांचं काम यांच्या चौदा टोल्यांत झालं. रेघ सोडून भलतीकडेच तडकला आणि पाणी पातेल्यात कमी, शर्टावर जास्त उडालं.

दार उघडलं. टपालबाई उभ्या होत्या.

"काय चाललंय? कोण आलंय ठोकाठोकी कर..." आणि त्यांची नजर ओट्यावर गेली.

चष्मेवाल्यांनी ओल्या शर्टानिशी कागदाची पुडी पुढे केली. "नारळवालीनं दिलंय. लवकर बरी हो म्हणालीय."

टपालबाईंच्या चेहऱ्याचा रंगच पालटला. रोकड मोजताना कधी चुकल्या नसतील अशा त्या, चोरी पकडलेल्या मुलीसारख्या कानापर्यंत लाल झाल्या. खुर्चीवर बसल्या.

"तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाईट कशाचं? अगं, घरात बसून खायचंस. मी काय हिसकावून घेतलं असतं?"

"तुमच्यासमोर नको वाटायचं." त्या प्लास्टरच्या कडेचा कापूस उपटत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि खरं सांगू? घरात नारळ आणायचा मला धीरच होत नव्हता. तुमच्या छातीत कळ आली ना, त्या दुपारी मी दुधातली भाजी केली होती. घट्ट दूध घातलं होतं, दोन नारळांचं. तुम्ही तीनदा वाढून घेतलीत. संध्याकाळी तुम्हाला स्ट्रेचरवरून नेलं. माझ्या हातानं मी... नऊ वर्षं मला तेच वाटतंय. बाजारात खायचे, पण घास उतरताना तेच आठवायचं."

चष्मेवाल्यांच्या हातातली सुरी तशीच राहिली. हे त्यांना अगदीच नवीन होतं. अडतीस वर्षांत त्यांनी बायकोला रडताना तीन-चारदाच पाहिलं होतं, आणि आता ती रडत होती ती न केलेल्या गुन्ह्यासाठी. गुन्हेगार कोण ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"अगं, नारळ नव्हता तो," ते म्हणाले. "यादीतला एक नंबर. तो चालण्याचा नव्हता."

"मग?"

"सिगरेटचा होता."

"सिगरेट? तुम्ही?"

"दुकानाच्या मागच्या खोलीत. भिंगं घासताना. दिवसाला आठ-दहा. बावीस वर्षं. हात धुवायचो, बडीशेप खायचो, घासायच्या पावडरीचा वास असतो म्हणायचो. तू औषधं आणायला खाली गेली होतीस, तेव्हा मी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या आजाराचं मोठं कारण हेच. आणि पहिल्या नंबरवर ठळक लिहिलं. मी त्याच दिवशी सोडली गं, पुन्हा हात लावला नाही. पण यादी घरी आणायच्या आधी कात्रीनं तेवढी ओळ कापली. तुला कळू नये म्हणून."

टपालबाईंनी डोळे पुसले नाहीत.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि संन्याशाबरोबर मलाही."

त्या उठल्या, आत गेल्या आणि दार लावलं.

पुढचे दोन दिवस टपाल बंद होतं. टपालबाई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. खुर्ची दारातून उचलून खिडकीपाशी नेली. जेवायच्या वेळी डाव्या हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या ताटाशेजारी येत. डावा हात सवयीचा नसल्यामुळे अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी, तिरकी आणि मोठाली. "मीठ कमी." "गॅस बारीक." एकदा तर "खोटारडे" असं लिहून खाली रेघ ओढलेली होती. चष्मेवाल्यांनी त्या सगळ्या चिठ्ठ्या खिशात ठेवल्या आणि तोंडातून ब्र काढला नाही. शिक्षा रास्त होती. नऊ वर्षांच्या मानानं दोन दिवस म्हणजे काहीच नाही, असंही त्यांना वाटलं.

या दोन दिवसांत ते एकच काम मन लावून करत होते. फोडलेला नारळ वाया जाऊ नये म्हणून करवंटीतलं खोबरं खवत होते. पहिल्यांदा खवणीनं बोट सोललं, तांबडं-करडं साल खोबऱ्यात आलं. मग हाताला अंदाज आला. दाब हलका, वाटी फिरती, आणि पांढरं संपून करडं लागायच्या आत थांबायचं. भिंग घासण्याचंच काम की हे! खवलेलं खोबरं बर्फासारखं ताटात पडू लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फरसबी केली, उतरवली आणि वर दोन मुठी ओलं खोबरं घातलं. स्वतःच्या ताटात चमच्यानं मोजून दोन चमचे.

टपालबाईंनी डाव्या हातानं चमचा धरला. एक घास घेतला, मग दुसरा. चष्मेवाले चिठ्ठीची वाट बघत होते. ताट रिकामं झालं.

"अजून आहे का?" टपालबाई म्हणाल्या.

चष्मेवाले इतक्या घाईनं उठले की खुर्ची मागे पडली.

"साल आलंय थोडं," वाढून घेताना त्या म्हणाल्या. "पण गोड आहे नारळ." मग बऱ्याच वेळानं, ताटाकडे बघतच, "रागावलेय मी अजून. हे लक्षात असू दे."

"आहे."

"मला निदान सांगायचंत. मी काय मारलं असतं?"

"मारलं असतंस," चष्मेवाले म्हणाले.

टपालबाईंना हसू आलं. ते लपवायला त्यांनी घाईनं घास घेतला आणि ठसका लागला. चष्मेवाल्यांनी नारळाच्या पाण्याचा पेला पुढे केला. हे दुसऱ्या नारळाचं पाणी होतं, शर्टावर न सांडलेलं.

त्यानंतर गाडी हळूहळू रुळावर आली. एकदम नाही. मधूनच कपाटाचं दार उघडलं की त्या यादीच्या कापलेल्या कडेकडे बघत आणि दार जरा जोरात लावत. पण जेवण सुधारलं. पोटाची तक्रार गेली. वजन किती वाढलं ते भाचीनं काट्यावर पाहिलं आणि म्हणाली, "मामी, आता बेतानं हं."

सहाव्या आठवड्याच्या गुरुवारी सकाळी प्लास्टर निघालं. हात आतून पांढरट, बारीक आणि घाबरलेला दिसत होता. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर टपालबाई घराकडे वळल्या नाहीत.

"कुठे?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"मंडईत. तुम्हाला नारळ निवडता येत नाही. परवाचा अर्धा खवट निघाला."

नारळवालीनं दोघांना येताना पाहिलं आणि आणखी एक खोकं उपडं केलं. टपालबाई बसल्या नाहीत. राशीतून एक एक नारळ डाव्या हातानं उचलून त्या नवऱ्याच्या कानाशी धरू लागल्या.

"ऐका. पाणी खळखळतंय? मग ठीक. आवाज नाही आला तर सोडून द्या. हातात जड लागला पाहिजे. आणि डोळे बघा, तुमचंच काम आहे. ओलसर, काळपट असतील तर आत बुरशी. कोरडे हवेत."

"याचा नंबर लागलाय," चष्मेवाले एका नारळाच्या डोळ्यांकडे बघत म्हणाले. नारळवाली खदखदून हसली.

चार नारळ पारखून झाल्यावर एक त्यांना पसंत पडला. नारळवालीनं आणखी एक फोडून तुकडे काढले. टपालबाईंनी दोन घेतले आणि एक लहानसा नवऱ्याच्या हातावर ठेवला.

"एवढाच. जास्त खाल्लात तर भाचीला कळवीन."

चष्मेवाले खोक्यावर बसून सावकाश चावू लागले. आधी नुसता कच्चा करकरीतपणा, मग दाताखाली दूध सुटलं, मग मागून हलकी गोडी आली. किती वर्षांनी! शेजारच्या खोक्यावर टपालबाई आता बसल्या होत्या. या खेपेला गर्दीकडे तोंड करून, बारीक झालेला उजवा हात मांडीवर ठेवून. येणारे-जाणारे ओळखीचे हात करत होते.

"उद्या काय करायचं?" टपालबाईंनी विचारलं.

"ते शिकव ना मला. खोबरं भाजून बरणीत भरायचीस ते."

"त्याला धीर लागतो. आच मंद हवी आणि हात थांबता कामा नये. बाजूला गेलात की करपलं."

"नाही जाणार बाजूला," चष्मेवाले म्हणाले.

टपालबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट निरखून पाहिलं, तोंड पुसलं आणि नारळाची पिशवी त्यांच्या हातात दिली.